माळ्यावरचं खोकं

प्रिय मित्रा,

तुझी एक वस्तू माझ्याकडे सापडली आहे. कोणती ते शेवटी सांगतो, आधी माझं रडगाणं ऐकून घे.

येत्या रविवारी आम्ही घर बदलतोय. नवं घर एका खोलीने लहान आहे, म्हणजे एका खोलीत मावेल एवढं सामान इथेच निकालात काढायला हवं. मी आपला म्हणत होतो, दोन शनिवार-रविवार पुरे. आज सहावा आठवडा चालू आहे, आणि हे पत्र मी ज्या खुर्चीत बसून लिहितोय ती न्यायची की नाही हे अजून ठरलेलं नाही.

पहिली चूक माझीच. सुरुवात फोटोंपासून केली. संध्याकाळी बायकोने डोकावून विचारलं, "कुठवर आलं?" मी म्हटलं, "1994पर्यंत पोचलोय." त्यानंतर कामाचा क्रम तिने हातात घेतला. आधी न्हाणीघर आणि औषधांचा खण, कारण मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधापाशी कुणाचा गळा दाटून येत नाही. (ती औषधं बेसिनमध्ये ओतू नकोस हं, पाण्यात मिसळतात. एखादं औषधाचं दुकान परत घेत असेल तर तिथे द्यायची.) मग स्वयंपाकघर, मग कपडे, मग पुस्तकं. फोटो सगळ्यात शेवटी. तेही मला एकट्याला नाही.

तीन ढीग करायचे ठरलं: न्यायचं, द्यायचं, टाकायचं. ऐकायला सोपं. दुसऱ्याच दिवशी चौथा ढीग उगवला, 'बघू नंतर', आणि तो एकटा बाकीच्या तिघांना पुरून उरला. त्या ढिगाचं पुढे काय होतं ते मला माळ्यावर कळलं.

माळ्यावर अगदी मागे एक खोकं होतं. त्यावर माझ्याच अक्षरात, दोनदा अधोरेखित: 'महत्त्वाचे'. मागच्या वेळी घर बदललं तेव्हाचं, म्हणजे 11 वर्षांपूर्वीचं. चिकटपट्टी एकदाही उघडलेली नव्हती. तिचा गोंद इतका वाळला होता की ती सापाच्या कातेसारखी आपोआप सुटून आली. आत काय? नऊ चार्जर, त्यांतल्या एकाचाही फोन आज घरात नाही. एक जुना फोन होता, पण त्याची बॅटरी फुगून पाठचं झाकण वर आलेलं. असली बॅटरी कचऱ्यात टाकायची नसते, दाबली गेली तर पेट घेते. तो वेगळा ठेवलाय, ई-कचरा घेतात तिथे देईन. एक रिमोट, त्याचे सेल फुटून पांढरा चुरा बाहेर आलेला.

आणि सगळ्यात खाली प्लास्टिकची एक फाइल. तुला माहीत आहे, मी पावत्या जपणारा माणूस. प्रत्येक वस्तूची पावती, वॉरंटीच्या कागदासकट, वेगळ्या पारदर्शक कप्प्यात, तारखेप्रमाणे. एकेक काढून पाहिली. सगळ्या कोऱ्या! दुकानाचं नाव नाही, आकडा नाही, काही नाही, नुसते पिवळट कागद. यंत्रातून निघणाऱ्या त्या गुळगुळीत पावतीवर शाई नसतेच, उष्णतेने काळा होणारा थर असतो. तो काळाबरोबर उडतो, आणि काही प्लास्टिकच्या संगतीत आणखी लवकर उडतो. म्हणजे मी ड्रॉवरमध्ये नुसत्या कोंबल्या असत्या तर कदाचित चार अक्षरं वाचता आली असती. बायको इतकी हसली की तिला शिडीवरून उतरवावं लागलं.

टेबलाचीही गंमत सांगतो. माझं लिहायचं टेबल विकायला काढलं. शेजाऱ्यांनी किंमत सांगितली ती माझ्या मनातल्या किमतीच्या निम्मी. मी दोन दिवस घुश्श्यात. मग आठवलं, काहनेमन, क्नेच आणि थेलर या संशोधकांनी 1990 मध्ये छापलेला तो कपांचा प्रयोग. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे कप फुकट दिले आणि लगेच बाजार मांडला. ज्यांच्या हातात कप होता ते, ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्यापेक्षा दुपटीच्या आसपास किंमत सांगत होते. त्यांचा कप काही मिनिटांचा, माझं टेबल 20 वर्षांचं. निमूटपणे शेजाऱ्यांच्या किमतीला दिलं. त्यांच्या मुलाने त्याच दिवशी त्यावर स्टिकर चिकटवला म्हणे. असो.

आईच्या बाबतीत मात्र सपशेल चुकलो. ती बाहेर गेलेली असताना तिच्या कपाटातला बटणांचा डबा मी 'टाकायचं'मध्ये ढकलला. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा खाली कचऱ्याच्या पिंपापर्यंत धावावं लागलं. तिने झाकण उघडलं, बोटांनी चाळून एक मोठं तपकिरी बटण वर काढलं आणि म्हणाली, "हे तुझ्या पहिल्या स्वेटरचं." डबा नव्या घरी येतोय. तेव्हापासून नियम एकच, ज्याची वस्तू त्याने ठरवायचं. मुलीला घाबरतच तिच्या लहानपणीच्या चित्रांचा गठ्ठा दिला, तर तिने दहा मिनिटांत तीन ठेवली आणि बाकीची रद्दीत. त्यातली दोन मी मागाहून गुपचूप उचलली, तिला सांगू नकोस.

पुस्तकांचं एकच लक्षात ठेव, तुझ्यावरही ही वेळ येईल. मोठ्या खोक्यात फक्त पुस्तकं भरू नकोस. मी भरली, उचललं, आणि खोक्याचा तळ जागेवरच राहिला. लहान खोकी घे. मोठंच असेल तर खाली थोडी पुस्तकं, वर उशा-कपडे.

आता तुझी वस्तू. फोटोंच्या त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये आपल्या खोलीवरचे फोटो होते. गोंदाचे पिवळे पट्टे उठलेत. दात साफ करायचा दोरा फोटोखालून अलगद करवतीसारखा फिरवला की फोटो सुटतो, तसे आठ सोडवले. त्याच अल्बमच्या पाठीमागे खोचलेली मिळाली आपली हिशोबाची वही. निळ्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर स्टोव्हचा डाग असलेली. दूध, वीज, खोलीचं भाडं, आणि एका पानावर नुसतं 'साबण, पुन्हा!!'. शेवटच्या पानावर माझ्या नावावर बाकी दाखवली आहेस. बेरीज तुझ्या हातची, आणि तुझ्या बेरजेवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता. मी काल तीनदा करून पाहिली. बाकी तुझ्याकडून निघते.

वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे ठरवायचं आपण दोघांनी. पाठवून देऊ, का हिशोब मिटवायला तू स्वतः येतोस? शनिवारपर्यंत कळव. रविवारी सकाळी गाडी येणार आहे आणि सध्या ती वही 'बघू नंतर'मध्ये आहे.

तुझा,
(बाकी नसलेला) मित्र