खर्च यंत्रणेवर, हिशेब कशाचा?

महोदय,

तंत्रज्ञानावर जास्त खर्च करणाऱ्या कंपन्यांचा नफाही जास्त असतो, असे आलेख दाखवून ईआरपीसारख्या, म्हणजे खरेदी, साठा आणि हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये ठेवणाऱ्या, यंत्रणा विकल्या जातात. पण ज्या कंपनीच्या हातात पैसा खेळतो, तीच संगणकांवर सढळ हाताने खर्च करते. म्हणजे नफा आधी आणि खर्च मागाहून, असेही असू शकते.

संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, असा टोला अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी 1987 मध्ये हाणला होता. 1990 मध्ये आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी या कोड्यावर विजेचा दाखला दिला. एडिसनचे न्यूयॉर्कमधील वीजकेंद्र 1882 चे. अमेरिकी कारखान्यांची उत्पादकता मात्र उसळली 1920 च्या दशकात. सुरुवातीला वाफेचे इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली, लांबलचक शाफ्ट आणि पट्टे होते तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, यंत्रे कामाच्या क्रमाने मांडता आली, तेव्हा कुठे फरक पडला.

ईआरपीचे नेमके हेच होते. जुन्या नोंदी जशाच्या तशा चढवल्या की एकच बोल्ट ‘बोल्ट एम 10’, ‘एम10 बोल्ट’ आणि ‘बोल्ट 10 मिमी’ अशा तीन नावांनी नांदतो. एका नावापुढे साठा शून्य दिसतो, खरेदी विभाग ऑर्डर टाकतो, माल गोदामात पडूनच असतो. पैसा अडकतो आणि खापर सॉफ्टवेअरवर फुटते. आयटम मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी, साफ करणे, किलो की नग ते ठरवणे, प्रत्यक्ष मोजणी करून सुरुवातीची शिल्लक भरणे ही कामे कंटाळवाणी आहेत, आणि कोटेशनमध्ये ती बहुधा नसतात. त्यांचे पैसे आणि माणसे आधीच बाजूला काढावीत. नाहीतर ‘असू दे खात्रीला’ म्हणून एक्सेल सुरूच राहते आणि प्रत्येक नोंद दोनदा होते. दोन्हीकडचा महिनाअखेरचा ताळा जुळला की एक्सेल बंद, ही तारीख लेखी ठरलेली हवी.

ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंतचे दिवस, साठ्याची उलाढाल आणि वसुलीचे दिवस हे तीन आकडे खरेदीपूर्वीच टिपून ठेवावेत. पहिले काही महिने ते बिघडतातही. तेवढ्यावरून निकाल देऊ नये. वर्षभरानंतरही ते हलले नाहीत, तर आधी मंजुरीची साखळी पाहावी. कागदावरच्या पाच सह्या पडद्यावर पाच क्लिक झाल्या असतील, तर फाइल पूर्वीइतकीच अडून राहते.

– एक वाचक