आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ‘कारण अज्ञात’ हे उत्तर नव्हे

मा. आरोग्यमंत्री यांस,

स. न. वि. वि.

काल तुमच्या खात्याचं पत्र आलं. माझी मुलगी पोटातच गेली; तिच्या मृत्यूच्या चौकशीचा अहवाल महिन्याभरात देऊ, असा शब्द मला दिला होता. त्याला चौदा महिने झाले. चार ओळींच्या त्या पत्रात कामाची ओळ एकच : ‘गर्भमृत्यूचे कारण अज्ञात.’

अज्ञात का, ते मी सांगते. कुणी शोधलंच नाही.

माझ्या कार्डावर ‘अतिजोखमीची माता’ असा लाल शिक्का होता. बीपी वाढलेलं, साखर वाढलेली, बाळाची वाढ आठवड्यांच्या मानाने कमी. ३५व्या आठवड्यात हालचाल मंदावली म्हणून रुग्णालयात धावत गेले, तर तिथे म्हणाले, शेवटी बाळाला जागा पुरत नाही, हालचाल कमी होतेच. साफ चूक आहे हे! शेवटच्या दिवसांतही हालचाल मंदावता कामा नये. मंदावली तर त्याच दिवशी बाळाचे ठोके तपासायचे असतात. मला घरी पाठवलं. दोन दिवसांनी ठोके लागलेच नाहीत. मग कळा आणायचं औषध, आणि पूर्ण बाळंतपण. पलीकडच्या खाटेवरचं बाळ रडलं. माझं रडलं नाही.

वार, म्हणजे पोटात बाळाला रक्तपुरवठा करणारा अवयव, बादलीतून फेकून दिली. मृतजन्मानंतर कारण शोधायला वारेची तपासणी सगळ्यात उपयोगी पडते. बाळाचा रक्तपुरवठा कमी पडत होता का, जंतुसंसर्ग होता का, वार वेळेआधी सुटली होती का, हे ती तपासल्यावर कळतं. शवविच्छेदन करायचं का, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. जनुकीय तपासणी नाही. रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड दोषाची तपासणी सदोष आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करायची असते. माझी पहिलीच झाली नाही.

‘आईला बीपी होतं ना,’ असं मला तोंडावर सांगितलं गेलं. बीपी असलेल्या बहुतेक बायकांची बाळं जगतात. मग माझं का गेलं? जोखीम म्हणजे कारण नव्हे, एवढं तरी तुमच्या अधिकाऱ्यांना कळायला हवं. चौदा महिने मी स्वतःलाच आरोपी करून बसले आहे. त्या रात्री उताणी झोपले होते का? गोळी उशिरा घेतली का? रोज रात्री तोच हिशोब.

जगात दर वर्षी १९ लाखांच्या आसपास बाळं २८ आठवड्यांनंतर मृत जन्मतात. त्यातली ४० टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यावर जातात, म्हणजे आई बाळंत होत असताना. बाळ कशाने गेलं आणि आईला कोणता आजार होता, हे दोन्ही जोडून नोंदवायची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्येच दिली आहे. २०३० पर्यंत प्रत्येक देशात हजार जन्मांमागे मृतजन्म १२ किंवा त्याहून कमी करायचे ठरलं आहे. कसे करणार? इमारतींची उद्घाटनं तुम्ही मोजता, प्रसूतींचे आकडे सभेत वाचून दाखवता. मेलेल्या बाळाचं कारण लिहिलं की कुणाला तरी जाब द्यावा लागतो, म्हणून ते लिहिलंच जात नाही. सगळी यंत्रणाच अशी बनली आहे.

प्रत्येक मृतजन्मानंतर वार तपासणीला गेलीच पाहिजे, असा आदेश काढा. आईवडिलांना शवविच्छेदनाबद्दल नीट समजावून विचारा. अहवाल त्यांच्या हातात द्या.

मला पुन्हा दिवस राहिले तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल : मागचं बाळ कशानं गेलं? तुमचं पत्र दाखवू त्यांना?

एका मुलीची आई