द्राक्षबागेतल्या मातीवर पण कधीतरी छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात द्राक्षावर बरंच काही येतं, डाऊनीला (केवडा रोगाला) कोणता स्प्रे, मणी फुगवायला काय, छाटणीनंतर कोणता डोस, आणि ते कामाचं असतं, आम्ही वाचतोच. पण वेलीखालच्या मातीत जे जिवंत आहे त्याच्यावर फार क्वचित काही वाचायला मिळतं, म्हणून हे पत्र.

दोन ओळींच्या मधे गवताचं पातं दिसलं नाही की लोक म्हणतात बाग काय छान ठेवलीय. त्यासाठी तणनाशक मारायचं नाहीतर सारखा रोटाव्हेटर फिरवायचा. आता रोटाव्हेटर फिरवल्यावर मातीत एकदम हवा शिरते, जिवाणू जोरात कामाला लागतात आणि साठलेला सेंद्रिय कर्ब खाऊन टाकतात, त्यातून नत्र मोकळा होतो आणि पानं हिरवीगार दिसायला लागतात, मग वाटतं मशागत मानवली. अहो ती ठेव मोडून आणलेली हिरवाई आहे! वर्षानुवर्षं हेच केलं की कर्ब उतरत जातो, गांडुळांची खोल जाणारी उभी बिळं राहत नाहीत, आणि ट्रॅक्टर तर दर फवारणीला त्याच चाकोरीतून जातो, त्यात वाफसा नसताना, म्हणजे माती जास्त ओली असताना गेला की खाली माती इतकी दबते की पाणी मुरतच नाही.

मायकोरायझाचं, म्हणजे मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीचं, तर मला फारच वाईट वाटतं. द्राक्षाची मुळं जाडसर, त्यांना केसमुळं कमी, त्यामुळे स्फुरद आणि जस्त गोळा करायला वेल या बुरशीवर खूप अवलंबून असते. बुरशीचे धागे मुळापेक्षा कितीतरी बारीक, मुळी जिथं पोचत नाही तिथून ते अन्न आणतात आणि बदल्यात वेल त्यांना साखर देते. मशागतीत हे धागे तुटतात. आणि स्फुरद जास्त झालं की वेलच बुरशीला साखर देणं कमी करते, म्हणजे एका हातानं मायकोरायझाचं पाकीट विकत आणून टाकायचं आणि दुसऱ्या हातानं माती परीक्षणाचा रिपोर्ट न बघता स्फुरदाच्या गोण्या ओतायच्या, यात पैसे दोन्हीकडून गेले.

आता बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं मिश्रण. १८८० च्या दशकात फ्रान्समधे डाऊनीवर हा उपाय सापडला आणि द्राक्षशेती वाचली हे खरंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण हिशोब करून बघा, १ टक्का बोर्डोच्या १०० लिटरमधे १ किलो मोरचूद, त्यात साधारण २५० ग्रॅम तांबं. हेक्टरी हजार लिटर पाणी धरलं तर एका फवारणीत अडीच किलो. तांबं धातू आहे, ते कुजत नाही की उडून जात नाही, वरच्या थरात साठत राहतं आणि गांडुळं, बुरशी, जिवाणू सगळ्यांना जास्त झालं की त्रास होतो, आम्लधर्मी मातीत तर अजूनच. युरोपियन युनियननं २०१९ पासून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातलीय, म्हणजे वरच्या हिशोबानं ७ वर्षांत अशा ११ फवारण्या! सेंद्रिय बागांना पण हीच मर्यादा आहे, कारण बोर्डो सेंद्रियमधे चालतं म्हणून ते मातीला निरुपद्रवी आहे असं होत नाही.

गवत ठेवलं तर ते वेलीचं पाणी पितं असं कोणी म्हणेल, बरोबर आहे, कोरड्या भागात आणि नवीन लागवडीत हा त्रास होतोच. मग एकाआड एक ओळीत ठेवा, वेलीला पाण्याची ओढ लागायच्या आधी कापून तिथंच आच्छादन म्हणून पसरा. छाटणीच्या निरोगी काड्या जाळण्याऐवजी बारीक करून ओळीतच टाका, खोडाच्या रोगाच्या काड्या मात्र बाहेर काढा, त्यात हयगय नको.

माती जिवंत आहे का हे बघायला लॅबच लागते असं पण नाही. वाळलेलं ढेकूळ हळूच पाण्यात सोडा, लगेच विरघळून चिखल झाला तर कण धरून ठेवणारा बुरशी-जिवाणूंचा चिकटपणा कमी झालाय. मशागतीच्या ओळीत आणि गवताच्या ओळीत एकेक खड्डा घेऊन गांडुळं मोजा, फरक स्वतःच बघा.

तर विनंती अशी की फवारणीच्या वेळापत्रकाशेजारी यावर नियमित जागा द्या. कोणत्या बुरशीनाशकाचा मातीतल्या बुरशीवर काय परिणाम होतो, माती परीक्षणात तांबं तपासून घ्यायचं का आणि आकडा किती आला की थांबायचं, कमी तांब्यात डाऊनी कशी आवरायची, हे जाणकारांकडून लिहून घ्या, आणि पुढच्या छाटणीच्या आधी छापलंत तर आम्हाला लगेच वापरता येईल.

आपला नियमित वाचक,
एक द्राक्ष बागायतदार