डबी तीच, हिंग वेगळा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : हिंग पावडरमध्ये तांदळाच्या पिठाऐवजी गव्हाचे पीठ वापरल्याची ठळक सूचना न दिल्याबाबत

महोदय / महोदया,

माझ्या मुलाला सिलिॲक हा आजार आहे. गहू-जवातले ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की त्याचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आणि जव आयुष्यभर बंद, एवढाच इलाज. निदान झाल्यापासून आमच्या घरी फक्त आपल्या कंपनीचा हिंग येत होता, कारण आपल्या डबीवर घटकांत तांदळाचे पीठ लिहिलेले असे.

पोळीचे फारसे अडत नाही, ज्वारी-नाचणीच्या भाकऱ्या आहेत. अडते ते चमचाभर लागणाऱ्या वस्तूंवर. सोया सॉसमध्ये गहू निघाला, माल्ट व्हिनेगर तर जवाचेच. त्या बाटल्या आम्ही बंद केल्या. चायनीजवाचून कोणी उपाशी राहत नाही. पण मराठी घरात हिंग कसा बंद करायचा? वरणाची फोडणी, कढी, कोशिंबीर, मेतकूट, लोणचे, सगळ्यात तो हवाच. आणि बाजारातला हिंग बहुतेक बांधणीचा, म्हणजे डिंक आणि पीठ मिसळलेला. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचे असते, हे आपल्याला मी सांगायला नको.

आता आपल्या नव्या डबीवर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, "गव्हाचे पीठ" आहे. किमतीचे स्टिकर नेमके त्याच ओळीवर अर्धे चढलेले. ॲलर्जीच्या सूचनेत गहू लिहिला आहे, हे मान्य. कायद्याची ओळ आपण छापलीत. पण डबी तीच, झाकण तेच पिवळे, आणि पुढच्या बाजूला नव्याने काय आले? "आता अधिक सुवासिक". सुवासाला जागा मिळाली, गव्हाला मिळाली नाही.

मी दर वेळी मागची बाजू वाचते, म्हणून घरात आलेली नवी डबी न उघडताच बाजूला ठेवली. त्रास दुसऱ्या वाटेने झाला. डोंबिवलीच्या माझ्या नणंदेने भाच्यासाठी मुद्दाम वेगळे कैरीचे लोणचे घातले. चमचा नवा, बरणी नवी, मोहरीची डाळ स्वतः निवडून घेतलेली. हिंग मात्र "तुमच्याकडे चालतो तो, पिवळ्या झाकणाचा". आमच्या सगळ्या नातेवाइकांनी तेवढेच पाठ केले आहे आणि आपल्या ब्रँडची हीच तर कमाई होती. त्या लोणच्याने मुलाला पोटदुखी आणि जुलाब झाले, शाळा बुडाली. बरणी ओतून द्यावी लागली. वन्सं अजून स्वतःला दोष देत आहेत, ते मला जास्त लागले आहे.

आपल्या ग्राहक सेवेला फोन केला तर उत्तर मिळाले, "मॅडम, आपलं प्रॉडक्ट शंभर टक्के शाकाहारी आहे." गहूही शाकाहारीच असतो. पुन्हा विचारल्यावर, "हिंग चिमूटभरच तर लागतो." या चिमटीचा हिशोब करून देते. किलोभर कैरीला दोन चमचे, म्हणजे साधारण ६ ग्रॅम हिंग घातला जातो. त्यात निम्मे गव्हाचे पीठ धरले तर ३ ग्रॅम. गव्हाच्या पिठात ग्लुटेन १० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३०० मिलिग्रॅम. तेल-मसाल्यासकट लोणचे दीड किलो भरले, तर किलोमागे २०० मिलिग्रॅम होतात. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ग्लुटेनमुक्त पदार्थाला ठरवलेली मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. पिठाचे नेमके प्रमाण आपल्यालाच ठाऊक. माझा आकडा चुकत असेल तर खरा आकडा कळवावा.

आपण डबीवर "ग्लुटेनमुक्त" असा दावा कधीच केला नव्हता, हे मी जाणते. कृती बदलण्याचा आपल्याला हक्क आहे. पण आपल्या वेबसाइटवर हे पत्र लिहीत असताना जुन्याच डबीचा फोटो आहे आणि घटकांत तांदळाचे पीठच आहे. याला काय म्हणायचे?

पर्याय शोधून पाहिला. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात "एकदम शुद्ध" म्हणून खडे दाखवतात, पण पीठ कुठले विचारले की दुकानदार गिऱ्हाइकाकडेच संशयाने बघतो. निव्वळ हिंग मिळाला, तोही महाग. शिवाय इतका जहाल, की मोहरीएवढा जास्त पडला तर आमटी कडू.

तरी माझे म्हणणे असे : वेबसाइटवरची माहिती आजच्या आज बदलावी. बदललेल्या घटकाची सूचना पुढच्या बाजूला, निदान वर्षभर, वाचता येईल अशा अक्षरांत छापावी. जमल्यास तांदळाच्या पिठाचा जुना हिंग वेगळ्या रंगाच्या झाकणात पुन्हा आणावा. चार पैसे जास्त घ्या, आम्ही देऊ. भरपाई मला नको, फक्त न उघडलेल्या डबीचे पैसे परत करावेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि एफएसएसएआय, दोन्हीकडे तक्रार नोंदवीन.

आपली,
एक ग्राहक, दादर, मुंबई

सोबत : जुन्या व नव्या डबीच्या मागच्या बाजूचे फोटो, वेबसाइटचा स्क्रीनशॉट, बिलाची प्रत.

ता. क. आपल्याच नावाने उडदाचे पापड आणि सांबार मसाला विकला जातो. दोन्हींच्या घटकांत नुसता "हिंग" लिहिला आहे. तो कुठल्या पिठाचा, हेही त्याच उत्तरात कळवावे.