नोटिशीत लेकींचे माहेरचे नावही छापा

माननीय संपादक,

आपल्या दैनिकात गोव्यातल्या उत्तराधिकाराच्या दस्तांच्या, म्हणजे मयताचे वारस कोण हे सांगणाऱ्या दस्तांच्या, नोटिसा छापून येतात, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. त्यात लग्न झालेल्या लेकीचे बहुतेक वेळा सासरचेच नाव असते. ती कोणाची लेक, माहेरी तिचे नाव काय, याचा पत्ता नसतो. याचे परिणाम आमच्या घराने भोगले आहेत.

माझ्या आईच्या आईचे माहेर माशेलचे. तिथल्या घराची आणि कुळागराची (माडा-पोफळीच्या बागेची) इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीचे प्रकरण, तिच्या भावांच्या नातवंडांनी कोर्टात घातली. त्यांच्यापैकी कोणी आजीला पाहिलेले नव्हते. त्यांनी जन्माच्या नोंदीवरून ‘शांता’ घातली आणि पोर्तुगीज काळातल्या नोटरीच्या एका दस्तावरून ‘रुक्मिणी’ही घातली. आजी जन्माची शांता, लग्नात नाव बदलून रुक्मिणी झालेली. कागदावर त्या दोन बहिणी ठरल्या आणि चार भावंडांचे पाच वाटे झाले. शांताच्या नावाची नोटीस पत्ता लागत नाही म्हणून परत आली. आपल्याकडे सहसा नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणून वारसासोबत त्याच्या जोडीदारालाही पक्षकार करावे लागते. तेव्हा शांताच्या नवऱ्याचाही शोध सुरू झाला. कुळागर तोवर माणसाविना सुकत होते.

‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र आम्ही दिले. तेवढ्यावर भागले नाही, आणि माझ्या मते भागूही नये. बनावट कागद करून दुसऱ्यांच्या जमिनी लाटण्याचे प्रकार इतके वाढले की 2022 मध्ये सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. अशा दिवसांत नुसत्या शपथेवर कोणाचे नाव कोणाला जोडू देणे धोक्याचे आहे.

गाठ सुटली ती थोरल्या मामांच्या जन्मनोंदीने. पोर्तुगीज पद्धतीच्या नोंदीत मुलाच्या आईवडिलांखाली दोन्हीकडच्या आजीआजोबांचीही नावे लिहीत. मामांच्या नोंदीत, तिरप्या वळणाच्या फिकट अक्षरात, आई म्हणून रुक्मिणी आहे आणि तिच्या बाजूचे आजीआजोबा म्हणून तेच दोघे, जे शांताच्या नोंदीत आईवडील आहेत. त्याला आजीच्या लग्नाच्या नोंदीचा उतारा जोडला. नवरीचे नाव तिथे माहेरचे. दोन्ही कागद समोर ठेवल्यावर कोणी हरकत घेतली नाही. आपल्याकडे जन्म, लग्न आणि मृत्यूची नागरी नोंदणी 1914 पासून आहे. ज्यांची अशी प्रकरणे अडली आहेत त्यांनी एकट्या त्या व्यक्तीची नोंद बघून थांबू नये, तिच्या मुलांच्या नोंदीही काढाव्यात.

पुरुषांच्या नावांचा घोळ वेगळा. जुन्या दस्तांत ‘श’साठी एक्स, ‘क’साठी सी किंवा क्यू असायचे. विष्णूचा ‘व्हिष्नुम’, प्रभूचा ‘पोरोबो’, कामतचा ‘कामोतिम’ झाला. पुढे एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यात तीच नावे इंग्रजी वळणाने आली. त्यात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत. जन्मसाल आणि बायकोचे नाव ताडून न पाहता कोणी दस्त केला तर आजोबांची जमीन नातवाच्या खात्यात दिसते. तरीही पुरुषाला निदान बापाचे नाव जन्मभर चिकटून राहते. बाईचे पहिले नाव बदलते, मधले बदलते, आडनावही बदलते.

1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने गोव्यातल्या लेकीला मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. 2016 पासून लागू झालेल्या आपल्या उत्तराधिकार कायद्यानेही तो कायम ठेवला. देशात इतरत्र बायकांना ज्यासाठी भांडावे लागले ते आमच्या आज्यांना कायद्याने आधीच मिळालेले होते. तो वाटा केवळ नाव जुळत नाही म्हणून हातचा जाणे मला सहन होत नाही.

उत्तराधिकाराचे दस्त करणाऱ्या विशेष नोटरींनी दस्तात आणि वकिलांनी इन्व्हेंटरीच्या अर्जात प्रत्येक विवाहित स्त्रीची दोन्ही नावे, आईवडिलांची नावे आणि जन्मगाव लिहावे. जुन्या दस्तातले नाव जसेच्या तसे बाजूला द्यावे. सरकारने त्यासाठी नमुना ठरवून द्यावा. आपल्यालाही विनंती आहे: नोटीस छापायला घेऊन येणाऱ्याला आपल्या जाहिरात विभागाने लेकींची माहेरची नावे विचारावीत. एखादी ओळ वाढेल, त्याचे पैसे लोक देतील.

– एक वाचक, फोंडा