झोपेच्या गोळीआधी योगवर्गाची चिठ्ठी मिळू द्या

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

सत्तरीतला माणूस दवाखान्यात जाऊन "झोपच लागत नाही हो" म्हणतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा दोनपैकी एक गोष्ट पडते: "वय झालं, आता असंच चालायचं" हे वाक्य, नाहीतर झोपेची गोळी. याला तिसरा पर्याय हवा, म्हणून हे पत्र. सरकारी दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत ज्येष्ठांसाठी नेमाने चालणारे योगवर्ग सुरू करा आणि डॉक्टरांना ते चिठ्ठीवर लिहून देता येतील अशी सोय करा.

वयाचे कारण खरे आहे, पण अर्धेच. उतारवयात गाढ झोपेचा वाटा घटतो, झोप सावध होते, शरीराचे घड्याळ अलीकडे सरकते. मग संध्याकाळीच डोळे पेंगतात आणि पहाटे तीनला टक्क जाग येते. त्यात लघवीसाठी उठणे, गुडघ्यांचा ठणका, जोडीदार गेल्यानंतरचे एकटेपण. मात्र झोपेची गरज काही फारशी कमी होत नाही. पासष्टीनंतरही सात-आठ तास झोप हवीच असते.

गोळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. ज्येष्ठांनी कोणती औषधे टाळावीत याची ‘बीअर्स’ नावाची यादी अमेरिकेतील वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना प्रसिद्ध करते. बेंझोडायझेपिन गटातील, म्हणजे चिंता शमवणारी आणि झोप आणणारी औषधे आणि झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्या त्या यादीत आहेत, कारण त्यांनी तोल जातो, माणूस पडतो, हाड मोडते, बुद्धीला गुंगी येते. रात्री लघवीला उठलेली आजी त्या गुंगीतच चालत असते. खुबा मोडला की पुढचे किती महिने अंथरुणात जातात आणि कितीजण पुन्हा पूर्वीसारखे चालतच नाहीत, हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आणि या गोळ्या वर्षानुवर्षे घेतलेल्या माणसाला एकदम बंदही करता येत नाहीत; डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात. म्हणून पहिली गोळी देण्याआधीच थांबायला हवे.

योगाने झोप सुधारते ही माझी नुसती श्रद्धा नाही. 2005 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये वृद्धाश्रमातील 69 जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिने योग करणाऱ्या गटाला झोप लागायला सरासरी सुमारे 10 मिनिटे कमी लागू लागली, एकूण झोप तासाभराने वाढली आणि सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटू लागले. 2013 मध्ये बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी वृद्धाश्रमांतील 120 जणांवर केलेल्या अभ्यासातही झोप आणि जगण्याचा दर्जा दोन्ही सुधारलेले दिसले. हे अभ्यास लहान आहेत आणि झोपेची माहिती ज्येष्ठांनी स्वतः सांगितलेली आहे, हे मान्य. पण ज्या उपायाने खुबा मोडत नाही, तो करून पाहायला एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

हे घडते कसे, तेही समजण्यासारखे आहे. श्वास सावकाश सोडला, भ्रामरी प्राणायामातला गुंजारव लांबवला, की हृदयाची गती उतरते आणि शरीर विसाव्याकडे वळते. शवासनात किंवा योगनिद्रेत लक्ष एकेका अवयवावरून फिरते, तेव्हा "आज झोप लागेल का" ही धास्ती मागे पडते. पुष्कळांची झोप तीच तर उडवते. दिवसा शरीर हलले की रात्री झोपेची ओढही वाढते. शिवाय वर्गात चार माणसे भेटतात. त्यातला गुण आसनांचा किती आणि सोबतीचा किती, हे वेगळे काढण्याची मला तरी गरज वाटत नाही.

मात्र वर्ग कोण घेतो, यावर सगळे अवलंबून आहे. मी ज्येष्ठांना योग शिकवते, म्हणून हे कळकळीने सांगते. तरुणांचा वर्ग नुसता संथ केला की तो ज्येष्ठांचा होत नाही. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही, त्यांना खुर्चीवर बसून किंवा भिंतीचा आधार घेऊन करता आले पाहिजे. हाडे ठिसूळ असतील तर कमरेतून खोल वाकणे नको. काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने नकोत. रक्तदाब असेल तर श्वास रोखून धरायला लावू नये. शवासनातून उठताना आधी कुशीवर, मग बसून, मग उभे राहणे, नाहीतर चक्कर येते. आणि जो मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास अडकतो, त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवले पाहिजे. स्लीप ॲप्नियाची तपासणी योगवर्गात होत नाही.

एवढे जाणणारे शिक्षक एका शिबिरात तयार होत नाहीत. 21 जूनचे योगदिनाचे सोहळे जरूर व्हावेत, मला त्यांचा आनंदच आहे. पण झोपेला हवा तो रोजचा नेम. त्या दिवसाच्या तयारीवरचा थोडा खर्च शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळवा. त्यांना दरमहा मानधन द्या, आणि तेही वेळेवर. मानधन थकले की शिक्षक येईनासा होतो आणि वर्ग मोडतो. सुरुवात मोजक्या वृद्धाश्रमांतून करा. प्रत्येकाची झोप, गोळ्या आणि पडण्याच्या घटना सहा महिने नोंदवा आणि त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या करा. नोंदींचा नमुना तयार करायला आणि नव्या शिक्षकांना शिकवायला मी माझा वेळ देईन.

आपली,
ज्येष्ठांच्या वर्गाची एक योगशिक्षिका