हातमोजे दिले, पण कोणते?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात सफाई कामगारांना सुरक्षा संच वाटतानाचं छायाचित्र होतं. ओळीत उभ्या बायका, प्रत्येकीच्या हातात पारदर्शक पिशवी, पिशवीत नारिंगी जाकीट, मास्क आणि पांढरे सुती हातमोजे. बातमीत पाहुण्यांच्या नावांना पाच ओळी, हातमोज्यांना एक शब्द. मी भांडुपच्या एका कारखान्यात 31 वर्षं स्टोअर्समध्ये काढली. त्यामुळे नजर पाहुण्यांवर न थांबता थेट त्या हातमोज्यांवर गेली. असले मोजे आम्ही पॅकिंग खात्याला द्यायचो, मालावर हाताच्या घामाचे डाग पडू नयेत म्हणून. म्हणजे ते मालाच्या रक्षणासाठी असत, हाताच्या नव्हे.

तरी हे पत्र फोटोमुळे नाही, माझ्या सुईमुळे लिहितो आहे.

आठ वर्षं मी इन्सुलिन घेतो. पेनची सुई दरवेळी बदलायची असते (बदलत नसे, तो वेगळा विषय). काढलेली सुई सुक्या कचऱ्याच्या पिशवीत जायची. एवढीशी चार मिलिमीटरची सुई, तिचा काय विचार करायचा! सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी मी फाटकापाशी पेपरवाल्याचा हिशेब करत उभा होतो. आमच्याकडे कचरा उचलायला येणाऱ्या ताई दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढायला एका पिशवीची गाठ सोडत होत्या. एकदम हात झटकला. हातमोजा मूळचा पांढरा, आता चहाच्या फडक्यासारखा झालेला, तर्जनीचं टोक विरलेलं. सुई त्याच्या दोऱ्यांत अडकून लोंबत होती. त्यांनी ती दुसऱ्या हाताने उपटली, मोजा काढला आणि बोट तोंडात घातलं.

"ताई, तोंडात नका घालू, नळाखाली धरा," मी ओरडलो. त्या हसल्या. "काका, रोजचंच आहे. काच तर यापेक्षा खोल जाते."

पिशवी कुणाची हे शोधावं लागलं नाही. वरच माझ्या औषधांच्या दुकानाची पावती होती, नावासकट.

साबण लावून हात धुतला आणि त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. माझंही रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, काविळीची लस घेतली आहे का? ताई म्हणाल्या, "करोनाची घेतली ना, दोनदा." चौदा वर्षं त्या लोकांच्या घरचा कचरा हाताळताहेत आणि हिपॅटायटिस बीची लस असते हे त्यांना त्या दिवशी कळलं. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली, तर ही कावीळ होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीची 0.3 टक्क्यांच्या आसपास असते. आपण घाबरतो दुसऱ्याला, आणि लस आहे पहिल्यावर.

आता गंमत पाहा. हीच सुई इस्पितळात वापरली असती, तर जैववैद्यकीय कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे ती पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात गेली असती. ती हाताळणाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे इस्पितळाचं कर्तव्य. माझ्या स्वयंपाकघरात वापरली म्हणून ती 'घरगुती घातक कचरा' झाली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत या कचऱ्याची यादी होती: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल, ट्यूबलाइट, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं, सुया. कामगारांना काय द्यायचं, याचीही होती: गणवेश, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणं, मास्क. शिवाय ते वापरले जातात की नाही, हेही पाहायचं. पादत्राणांच्या आधी 'योग्य' शब्द घालायचं कुणाला तरी सुचलं, हातमोज्यांच्या आधी नाही. आणि टेंडरमध्ये जो शब्द नसतो, तो माल कधीच येत नाही, हे स्टोअर्समध्ये पहिल्याच वर्षी कळतं.

आमच्याकडे वेल्डरला चामड्याचे, ॲसिडच्या टाकीवर कोपरापर्यंतचे रबरी आणि पत्रा कापणाऱ्याला वेगळेच हातमोजे असत. एकाचे दुसऱ्याला दिले तर फोरमन साठा परत पाठवायचा. कचऱ्याच्या पिशवीत हे तिन्ही धोके एकत्र असतात आणि पिशवी आत काय आहे ते सांगत नाही. सुती मोजा ओला झाला की औषध, ॲसिड, जे असेल ते शोषून कातडीला चिकटवून ठेवतो. त्यापेक्षा उघडा हात बरा, निदान धुता तरी येतो. दवाखान्यातले पातळ रबरी मोजे काचेच्या पहिल्या तुकड्याला फाटतात. मग कुणीतरी हौसेने 'कट-रेझिस्टंट' मागवतं. तो विणलेला असतो. पातं अडवतो, पण सुई विणीच्या दोन धाग्यांमधून सुखाने आत जाते. युरोपीय मानकाप्रमाणे भोसकण्याची चाचणी झालेला मोजा घेतला, तरी ती चाचणी इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी जाड टोचणीने होते. सुई अडवणारे मोजे वेगळे मिळतात, महाग असतात आणि इतके ताठ, की ते घालून दुधाची पिशवी उचलणं अवघड. म्हणून वर्गीकरण करणाऱ्यांना तळव्याला आणि बोटांना नायट्राइल या कृत्रिम रबराचा जाड थर असलेले मोजे द्यावेत, महिन्याला नाही तर फाटले की लगेच बदलून द्यावेत, आणि पिशवीत हात घालण्याऐवजी लांब चिमटा द्यावा, हे मला व्यवहार्य वाटतं. आणि मापं! बायकांच्या हाताला पुरुषी मापाचा मोजा दिला, की बोटांची टोकं पुढे लोंबतात, पकड सुटते आणि मोजा खिशात जातो. मग साहेब म्हणतात, दिलं तरी वापरत नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात, मुंबईच्या दमटपणात तो घालून साहेबांनी एक तास काम करून पाहावं.

मास्कचंही तसंच. फुटलेल्या ट्यूबमधली पांढरी पूड चांगला मास्क अडवेल, पाऱ्याची वाफ नाही. तिला वेगळं फिल्टर लागतं आणि ते कचरागाडीवर कुणी देणार नाही. तिथे ट्यूब न फुटणं हाच उपाय. दिवाळीच्या साफसफाईत एलईडी आणली, की तिच्याच पुठ्ठ्याच्या नळीत जुनी ट्यूब सरकवून ठेवावी. याच दिवसांत संडास साफ करायच्या ॲसिडची अर्धी बाटली आणि ब्लीचची अर्धी बाटली एकाच पिशवीत टाकली जाते. गाडीतल्या कचरा दाबणाऱ्या कॉम्पॅक्टरखाली दोन्ही फुटल्या की क्लोरीन वायू तयार होतो आणि मागच्या पायरीवर उभा असलेला माणूस तो हुंगतो. फुगलेली मोबाइलची बॅटरी चेपली की पेट घेते, ते आणखी निराळं.

महापालिकेने एप्रिल 2025 पासून सॅनिटरी पॅड, डायपर, जुनी औषधं, सुया असा कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली. नाव नोंदवलं की गाडी येते. 2026 च्या नव्या नियमांत तर ओल्या, सुक्या आणि सॅनिटरी कचऱ्याशिवाय 'विशेष काळजी'च्या कचऱ्याला चौथा डबाच दिला आहे. आमच्या सोसायटीत हा विषय सभेत निघाला तेव्हा एका सभासदाने विचारलं, "आपण पालिकेला कर भरतो ना? मग वेगळं करत कशाला बसायचं?" टाळ्याही पडल्या. 2018 मध्ये मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं तेव्हा याच गृहस्थांनी पेढे वाटले होते. कचरा आता कांजूरच्या डम्पिंगला जातो, आपल्याला वास येत नाही, विषय संपला. नोंदणी शेवटी झाली, पण 64 घरांपैकी मनापासून वेगळं देणारी निम्मीही नाहीत.

मी स्वतः आता सुया डिटर्जंटच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकतो. झाकण चिकटपट्टीने बंद करतो, वर मार्करने मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहितो आणि त्या वेगळ्या गाडीकडे देतो. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली चालत नाही, दाबली की सुई बाहेर येते. जे काम मी कामगारांना लागेल तो मोजा देऊन करू पाहत होतो, ते ही फुकटची बाटली जास्त चांगलं करते, हे कबूल करायला स्टोअर्सवाल्याला जरा जड जातं.

पालिकेकडे आणि कंत्राटं देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेकडे मागणी मोजकीच आहे. टेंडरमध्ये नुसतं 'हातमोजे' न लिहिता कसले, कोणत्या मापाचे आणि किती दिवसांनी बदलायचे ते लिहा. नमुना निवडताना टेबलाशी चार मुकादम आणि चार कामगार बायका बसवा. कायम असो की कंत्राटी, कचऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेतानाच हिपॅटायटिस बीची लस द्या, तिचे तिन्ही डोस पूर्ण करा आणि त्या दिवसांची हजेरी लावा.

हे शेवटचं मुद्दाम लिहिलं. ताईंना पहिल्या डोसला अर्ध्या दिवसाचा आणि दुसऱ्या डोसला, रांगेत उशीर झाला म्हणून, पूर्ण दिवसाचा खाडा लागला. कंत्राटदाराचं म्हणणं, लस हे वैयक्तिक काम आहे. तिसरा डोस येत्या मंगळवारी आहे. त्या म्हणतात, "दोन झाल्या ना काका, पुरे की." मी मुकादमाशी बोललो आहे, त्या दिवसाची मजुरी मी देतो असंही सांगितलं आहे. मंगळवारी सकाळी साडेआठला रिक्षा घेऊन हजेरी चौकीपाशी उभा राहणार आहे.

आपला,
एक मधुमेही वाचक
मुलुंड (पूर्व), मुंबई